सत्तावीस षटकें, शून्य बळी

माजिवड्याच्या नाक्यावर रविवारीं सकाळीं उभें राहिलें, तर स्वतःहून मोठी पिशवी खांद्यावर टाकून मैदानाकडे निघालेलीं मुलें दिसतात. परवां अशाच एका मुलाचे आजोबा आम्हांस म्हणाले, "नातू गोलंदाजीहि करितो, फलंदाजीहि करितो, पण भारताच्या संघांत जाईलसें दिसत नाहीं. मग हे श्रम कशाकरितां?" प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्यें मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली, हें सर्वश्रुत आहे. परंतु समोरून चेंडू कोण टाकीत होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. सेंट झेविअर्स शाळेच्या साईराज बहुतुले या पंधरा वर्षांच्या मुलानें त्या डावांत २७ षटकें टाकिलीं, १८२ धावा दिल्या, आणि एकहि गडी त्याच्या हातीं लागला नाहीं. असा मुलगा आपल्या घरीं परतला असता, तर आपण त्यास काय सांगितलें असतें?

पुढें १९९० सालीं मोटारीच्या भीषण अपघातांत त्यांच्या पायास जबर दुखापत झाली व आंत सळई बसवावी लागली. तरीहि थोड्याच काळांत ते मुंबईकडून रणजी करंडकाचे सामने खेळूं लागले. उजव्या हातानें लेगस्पिन आणि खालच्या क्रमांकावर डावखुरी फलंदाजी, अशी त्यांची दुहेरी चाकरी सुमारे वीस वर्षें चालली. मुंबईनंतर महाराष्ट्र, आसाम, आंध्र, विदर्भ या संघांकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून ते खेळले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ६३० बळी आणि सहा हजारांहून अधिक धावा, ही जोड आपल्याकडे फार थोड्यांस साधली आहे.

आणि कसोटी सामने? अवघे दोन, दोन्ही २००१ सालचे. लेगस्पिनरची जागा अनिल कुंबळे यांनीं भरून टाकिली होती; ते जायबंदी झाले तेव्हांच दार किंचित् किलकिलें झालें. येथें गुण कमी पडले कीं काळ आड आला, याचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. मात्र त्या दोन सामन्यांवरून वीस वर्षांच्या कामाची किंमत ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

मोठ्या कुटुंबांत एखादी काकू असते. समारंभांत तिचें नांव कोणी घेत नाहीं. पण पंगत अडली, कोणी आजारी पडलें, कीं हांक तिलाच जाते. अष्टपैलू खेळाडू संघांत तसाच असतो. बहुतुले पुढें बंगालसारख्या संघांचे प्रशिक्षक झाले, म्हणजे जें कमावलें तें पुढच्या पिढीच्या हातीं देण्याचेंहि काम त्यांनीं केलें.

म्हणून आजोबांस आमचें सांगणें इतकेंच: नातवाचा अभ्यास सुटूं देऊं नये, कारण खेळांत भाकरी सर्वांस मिळत नाहीं. परंतु तो मैदानावरून परतला म्हणजे "किती बळी?" एवढेंच विचारूं नये, "मार पडला तेव्हां पुढचें षटक मागून घेतलेंस कां?" हेंहि विचारावें.