साहेबांच्या सांगण्यावरून

परवा कोड रिव्ह्यूमध्ये आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाला म्हटलं, "बाबा रे, या प्रोसिजरमधली ही कंडिशन कशासाठी आहे ते दोन ओळींत लिही." तो शांतपणे म्हणाला, "सर, कोड सेल्फ-डॉक्युमेंटिंग आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. पुण्यातल्या एसी ऑफिसात ते फार स्मार्ट वाटतं. पण त्याची किंमत कोण भरतं ते मी जळगाव जिल्ह्यात बघून आलोय. म्हणून आजची पोस्ट जरा लांबलचक. चहा घेऊन बसा.

मी मूळचा धुळ्याचा. २०१८ च्या मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो होतो, तेव्हा मामांच्या ओळखीतून एक काम गळ्यात पडलं. एक पतसंस्था (नाव सांगणार नाही), तिचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांनी धंदा गुंडाळलेला, आणि व्याजाबद्दल एका ठेवीदाराची तक्रार. "तू कॉम्प्युटरमधला ना, बघून ये जरा." आपल्याकडे कॉम्प्युटरमधला म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून सगळं! धुळे, पारोळा, एरंडोल करत एसटीने जळगाव गाठलं. मे महिन्यातलं खान्देश आणि एसटीची खिडकी, याबद्दल जास्त बोलत नाही.

तक्रार एका निवृत्त गुरुजींची होती. दोन लाखांची ठेव, तीन वर्षं, सरळ व्याज. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त मिळायला हवा होता, तो मिळाला नव्हता. म्हणजे वर्षाला १,००० याप्रमाणे ३,००० रुपये कमी. गुरुजींनी वहीत सगळा हिशेब मांडून आणला होता. क्लार्क म्हणाला, "गुरुजी, कॉम्प्युटरनेच काढलंय व्याज." गुरुजी म्हणाले, "हो ना भाऊ, पण कॉम्प्युटरला कोणी शिकवलं ते सांग."

३,००० म्हणजे आपलं एका शनिवारचं हॉटेलचं बिल, हे मला माहितीये. पण जळगाव जिल्ह्यात पतसंस्थेतली अडकलेली ठेव हा विषय काढून बघा, प्रत्येक घरात एक गोष्ट निघते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. तिथे माणूस पैसे ठेवतो ते विश्वासावर. व्याज तीन हजारांनी कमी आलं की त्याला पहिली शंका येते ती मुद्दलाची.

असो. व्याजाची प्रोसिजर उघडली. नऊशेच्या वर ओळी. सोर्स कंट्रोल वगैरे प्रकार नाहीच, जे काय आहे ते डेटाबेसमध्ये. बदल करायचा तर थेट लाइव्ह सर्व्हरवर 'ऑल्टर प्रोसिजर'. जुना मजकूर त्याक्षणी गेला. एसक्यूएल सर्व्हर फक्त शेवटच्या बदलाची तारीख दाखवतो, ती २०१७ ची होती, कारण नंतर कोणीतरी दुसरीकडेच काहीतरी बदललं होतं. मधोमध ही कंडिशन: शाखा ३ असेल आणि योजना ७ असेल, तर ज्यादा दर शून्य. आणि तिच्यावर रोमन अक्षरांतल्या मराठीत एक कॉमेंट:

"दि. १२/४ साहेबांच्या सांगण्यावरून. काढू नये."

वा! कोणते साहेब? तोपर्यंत तीन मॅनेजर होऊन गेलेले. कोणतं वर्ष? आणि १२/४ म्हणजे १२ एप्रिल की अमेरिकन पद्धतीने ४ डिसेंबर?

धुळ्याच्या माणसाला इथे राजवाडे आठवणारच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आमच्याच गावात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे काम म्हणजे गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करणं आणि मग त्यांचा अर्थ लावणं. त्या काळच्या असंख्य पत्रांत महिना असतो, तिथी किंवा चंद्र असतो, पण वर्षच नसतं! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष माहीत होतं, मग लिहायचं कशाला? पुढे इतिहासकारांना ते वर्ष मजकुरातल्या खुणांवरून शोधत बसावं लागलं. शंभर-दोनशे वर्षांनी तसं व्हावं हे समजू शकतं. पण सात वर्षांपूर्वीच्या कोडसाठी मी संशोधन करत बसलो होतो, तेही पंख्याखाली घाम पुसत.

चार दिवस गेले. ती कंडिशन काढणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पण "काढू नये" लिहिलंय ना! काढली आणि दुसरीकडे काही फुटलं तर? शेवटी उत्तर सापडलं संचालक मंडळाच्या ठराव वहीत. २०११ साली संस्थेने एक छोटी पतसंस्था सामावून घेतली होती, तीच शाखा ३. तिथल्या ज्येष्ठांच्या जुन्या ठेवींच्या मूळ दरातच अर्धा टक्का धरलेला होता. तो दोनदा मिळू नये म्हणून १२ एप्रिलला सांगण्यात आलं की या शाखेत ज्यादा दर शून्य करा. त्या दिवशी हे शंभर टक्के बरोबर होतं. पण ते फक्त जुन्या ठेवींसाठी होतं, आणि ही गोष्ट कोडमध्ये कुठेच नव्हती. जुन्या ठेवी मुदत संपून गेल्या, कंडिशन राहिली, आणि शाखा ३ मधल्या प्रत्येक नव्या ज्येष्ठ ठेवीदाराला कात्री लावत बसली. बाकीच्यांनी वही मांडली नाही, एवढंच.

आता सांगा, कोड सेल्फ-डॉक्युमेंटिंग होता का? होता की! काय करतो ते तो अगदी स्वच्छ सांगत होता. का करतो आणि कधीपर्यंत करायचं, हे कोड सांगूच शकत नाही, कारण ते कोडच्या बाहेर, एका मीटिंगमध्ये ठरलेलं असतं. हल्ली लोक म्हणतात एआयला विचारा, तो समजावून देईल. देईल ना. "शाखा ३ आणि योजना ७ असल्यास ज्यादा दर शून्य होतो" असं सुंदर मराठीत सांगेल. तेवढं मलाही वाचता येत होतं. ठराव वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली शिपाई नानांकडे.

दुसरी पार्टी म्हणते, स्टोअर्ड प्रोसिजर हा प्रकारच जुनाट, सगळं लॉजिक ॲप्लिकेशनमध्ये घ्या. घ्या खुशाल. मग तीच कंडिशन जावामध्ये बसेल आणि कारण तिथेही नसेल. आणि डॉक्युमेंट म्हटलं की ऐंशी पानांची वर्ड फाइल मागणारे मॅनेजर, त्यांना तर कोपरापासून नमस्कार. तशी फाइल त्या संस्थेतही होती, स्पायरल बाइंडिंग केलेली. त्यात लॉगिन स्क्रीनचं रंगीत चित्र होतं. व्याजाच्या प्रोसिजरपुढे लिहिलं होतं, "ही प्रोसिजर व्याज काढते."

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे आपल्या आधीच्या लोकांना जमत होतं. त्याच संस्थेच्या कपाटात जुन्या हाताने लिहिलेल्या रोजकिर्दी होत्या. प्रत्येक नोंदीला तारीख, 'हस्ते' कोण आणि 'बाबत' काय. चार आण्यांची नोंद असली तरी बाबत लिहिल्याशिवाय कारकून पुढे सरकत नसे. आपण इंजिनियर झालो, रकाने वाढवले आणि नेमके हे दोन खाऊन टाकले.

तर माझं मागणं फार मोठं नाही. ज्या कंडिशनमागे कोणाचा तरी निर्णय आहे, तिच्यावर ठरावाचा किंवा तिकिटाचा नंबर, सांगणाऱ्याचं पद, वर्षासकट तारीख, कधीपर्यंत लागू, आणि काढली तर काय बिघडेल. हे प्रोसिजरच्या पोटात लिहा, वर नाही. पोस्टग्रेसमध्ये बॉडीच्या बाहेरची कॉमेंट डेटाबेसमध्ये जातच नाही, अनेकांना हे स्थलांतरानंतर कळतं. प्रत्येक सिलेक्टवर "इथे डेटा आणला" असल्या कॉमेंट नकोत, त्यांनी फक्त डोळे दुखतात. आणि प्रोसिजरची फाइल गिटमध्ये ठेवा हो, फुकट आहे.

मी साव नाही. परत आल्यावर माझ्या स्वतःच्या प्रोसिजरी चाळल्या, तर एकीत "क्लायंटच्या रिक्वेस्टप्रमाणे" सापडलं. कोणता क्लायंट, देव जाणे.

गुरुजींचे पैसे मंजूर झाले, शाखा ३ च्या बाकीच्यांचेही काढायला घेतले. मॅनेजर चेक पुढे करत होते, पण गुरुजी घेईनात. म्हणाले, "पैसे मिळाले ते ठीक. पण कमी का आले होते ते मला लेखी द्या. मी मुलांना रीत लिहिल्याशिवाय मार्क देत नव्हतो." मग मी सांगत गेलो आणि क्लार्कने संस्थेच्या लेटरहेडवर सहा ओळी टाइप केल्या. ठराव क्रमांक, तारीख, २०११. त्याच सहा ओळी मी प्रोसिजरमध्ये चिकटवल्या आणि मग संध्याकाळची धुळ्याची गाडी पकडली.