वही पंचायतीची, रान ग्रामसभेचं

2024 च्या ऑक्टोबरअखेर कोलंबियातल्या काली शहरात भारताने आपला नवा जैवविविधता आराखडा मांडला. 2030 पर्यंतची 23 उद्दिष्टं त्यात आहेत. चर्चा मात्र एकाचीच होते: देशाच्या जमिनीचा आणि पाण्याचा 30 टक्के हिस्सा संरक्षणाखाली आणायचा. नुसत्या अभयारण्यांवर हा आकडा गाठणं अशक्य, म्हणून अभयारण्याबाहेर लोकांनी राखलेली जंगलंही मोजायची सोय ठेवली आहे. गडचिरोलीची सत्तर टक्क्यांच्या आसपास जमीन जंगलाखाली आहे. तेव्हा आकडा जुळवायला दिल्ली इकडे वळणार, हे ओघानंच आलं. वळू दे. पण हे रान ज्यांनी राखलं, त्यांना कुणी विचारणार आहे का?

2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. बहुतेक राज्यांनी ते वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दट्ट्या दिला: 31 जानेवारी 2020 पर्यंत काम संपवा, नाहीतर राज्याने महिन्याला 10 लाख रुपये भरावेत. दंड म्हटल्यावर सरकारी गाडा धावतो. देशात अडीच लाखांवर नोंदवह्या तयार झाल्या. त्या कशा झाल्या हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. छापील नमुना, बाहेरून आलेला माणूस, दोन दिवसांची भेट आणि शेजारच्या गावची झाडं या गावच्या वहीत.

घाई एक वेळ समजून घेता येईल. मुळातली मांडणीच चुकली आहे, ते जास्त गंभीर. आपल्याकडे ही समिती ग्रामपंचायतीची असते. इथे एका ग्रामपंचायतीत अनेक गावं आणि टोले येतात, आणि सामूहिक वनहक्क मिळाला आहे तो एकेका ग्रामसभेला. चार कोणत्या नाल्याकाठी आधी पिकते, पोळी कोणत्या झाडावर बसतात, हे त्या गावाला ठाऊक. वही मात्र पंचायतीच्या कार्यालयात. वनखात्याची संयुक्त वन व्यवस्थापन समिती वेगळी, वनहक्क नियमांखालची समिती आणखी वेगळी. एकाच रानावर तीन समित्या, आणि तिघींची आपापसात ओळख असेलच असं नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर हक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. त्यामानाने चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव मागे राहिलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या गावाला 2012 मध्ये हजारेक हेक्टर जंगल मिळालं. गावाने बसून नियम केले, आणि त्यातला एक ऐकून भले भले चाट पडतात: तेंदूपत्ता तोडायचा नाही.

हे किती अवघड आहे, ते तेंदूचा हंगाम पाहिलेल्यालाच कळेल. उन्हाळ्याच्या तोंडावर खुटकटाई होते. झुडपं छाटली की कोवळा, मोठा पाला येतो. पाला चांगला फुटावा म्हणून रानाला आगही लावली जाते, आणि त्या आगीत खालची रोपं, सरपटणारे जीव, जमिनीवरची घरटी सगळंच जातं. मग पहाटे उठून पानं तोडायची, घरी पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. पंधरवड्यात नगद पैसा हाती येतो. तोही पेरणीच्या तोंडावर, नेमका गरजेचा. पाचगावने तो सोडला. छाटणी थांबली, आगीचं कारण राहिलं नाही, झाडाला टेंभरं धरू लागली. ती माणसांनाही खायला आणि पाखरांनाही. रानाचा एक तुकडा तर त्यांनी देवराईसारखा राखून ठेवला. तिथून कुणी काही काढायचं नाही.

पाचगावला हे परवडलं, कारण बांबूचा पैसा हाताशी होता. कोरची किंवा भामरागडमधल्या एखाद्या ग्रामसभेला तेंदू सोडा म्हणणं हा शहाजोगपणा होईल. म्हणूनच प्रत्येक गावाचा आराखडा वेगळा हवा, आणि तो त्या गावानेच करायला हवा.

दिल्लीला हे कधी सुचलंच नाही, असं नाही. 2000 च्या सुमारास केंद्राने पहिला राष्ट्रीय आराखडा करायला घेतला, तेव्हा समन्वयाचं काम पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेकडे होतं. राज्यांचे, प्रदेशांचे, विषयवार असे सत्तरहून जास्त आराखडे खालून वर तयार झाले. तेलंगणातल्या झहीराबादला शेतकरी बायांनी बैलगाड्यांवर बियाणं मांडून गावोगाव यात्रा काढली. अंतिम अहवाल सरकारने स्वीकारला नाही. कल्पवृक्षने तो 2005 मध्ये स्वतंत्रपणे छापला, आणि 2008 मध्ये मंत्रालयाची वेगळी, आटोपशीर कृती योजना आली.

आणि इकडे गडचिरोली जिल्ह्यातच, एटापल्ली तालुक्यात, माडिया लोकांच्या ठाकूरदेवाच्या डोंगरावर सुरजागडची लोहखाण आहे. 2023 मध्ये तिची वार्षिक मर्यादा 30 लाखांवरून 1 कोटी टनांवर गेली. त्याची जनसुनावणी झाली ती शंभरावर किलोमीटर लांब, गडचिरोलीला. हा डोंगर 23 पैकी कोणत्या उद्दिष्टात बसवायचा, ते आराखडा लिहिणाऱ्यांनीच सांगावं.

नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला लगेच करता येईल असं एक काम आहे. सामूहिक वनहक्काच्या रानापुरता ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा हीच नोंदवही धरावी आणि जैवविविधता समितीचा निधी थेट ग्रामसभेच्या खात्यात टाकावा. कोणतंही गावरान 30 टक्क्यांत मोजण्याआधी त्या ग्रामसभेचा लेखी ठराव घ्यावा, आणि ठराव नसेल तर मोजू नये. हे झाल्याशिवाय ग्रामसभांनी आपलं रान दिल्लीच्या तक्त्यात जाऊ देऊ नये, असं माझं मत आहे. तक्त्यात गेलेल्या जंगलावर उद्या वेगळे नियम लागू झाले, तर मोहफुलं वेचायला जाण्यासाठीही परवानगी मागावी लागेल.