माजघरांतून : पाहुण्यांच्या दारची उमेदवारी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं तीन दिवस पंक्तीला कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं. कारण एवढेंच, कीं थोरल्या जाऊबाईंच्या धाकट्या कन्येस मुंबईच्याच एका बड्या तारांकित हॉटेलांतून मुलाखतीचें बोलावणें आलें होतें. मुलगी दादरच्या केटरिंग कॉलेजांतून यंदा पदवीधर झाली. तीन वर्षें ती तेथें काय शिकत होती हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. परंतु शिक्षण निराळें आणि चाकरी निराळी, अशी थोरल्या भावजींची समजूत. "परक्यांचीं उष्टीं उचलावयास का तिला शिकविली?" असें ते एकदांच म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले. भावजींनीं वर्तमानपत्र उघडलें म्हणजे घरांतील चर्चा संपली, हें या सदराच्या जुन्या वाचकांस सांगावयास नको.

त्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नाहीं. मोठ्या हॉटेलांत उष्टीं ताटें उचलावीं लागतात, परक्याचें न्हाणीघर घासावें लागतें, आणि सगळें जग दिवाळी करीत असतें तेव्हां आपल्याला कामावर उभें राहावें लागतें. पण आपल्याच समाजांतील किती कुटुंबें आचाऱ्याच्या आणि वाढप्याच्या कष्टांवर वर आलीं, किती मुलें वार लावून शिकलीं! लग्नाच्या पंगतींत शंभर पानें वाढणाऱ्या त्या आचाऱ्याला आपण कधीं त्याच्या नांवानें हांक मारली होती कां, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. शिवाय ज्या संस्थेंत मुलगी शिकली, ती १९५४ सालीं श्रीमती लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें स्त्रियांच्याच एका अन्नपरिषदेनें काढलेली. मीं हें भावजींच्या कानावर घातलें. त्यांनीं पान उलटलें.

मग मीं ओबेरॉय यांची गोष्ट सांगितली. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ सालीं नोकरीच्या शोधांत सिमल्यास गेले, आणि तेथील सेसिल हॉटेलांत दरमहा ५० रुपयांवर कारकून म्हणून लागले. १९३४ सालीं स्वतःची मालमत्ता आणि पत्नीचे दागिने गहाण टाकून त्यांनीं सिमल्याचें क्लार्क्स हॉटेल घेतलें. आणि १९४३ सालीं, ज्या कंपनीच्या मालकीचें सेसिल होतें ती कंपनीच त्यांच्या ताब्यांत आली. "तो पुरुष होता," एवढेंच भावजी म्हणाले. वादांत हरतांना माणूस किती थोडक्यांत बोलतो!

आतां या मुलाखतींचें स्वरूप थोडें सांगतें. कारण पुष्कळ घरांतून आतां हा प्रश्न येणार आहे. अशा हॉटेलांत पाहुण्यांशीं संबंध येणारीं मुख्य खातीं चार. येणाऱ्यांचें स्वागत नि नोंदणी करणारें फ्रंट ऑफिस, खोल्यांची निगा राखणारें हाऊसकीपिंग, वाढपाचें खातें आणि मुदपाकखाना. उमेदवार खुर्चीवर टेकण्यापूर्वींच निम्मी परीक्षा होऊन गेलेली असते. नखें, केस, बुटांची चकाकी, आणि दारांतून आंत येतांना मागून येणाऱ्यासाठीं दार धरलें कीं नाहीं, सर्व कांहीं पाहिलें जातें. स्वयंपाकाच्या उमेदवारास पुष्कळदां नुसतें ऑम्लेट करावयास सांगतात. पदार्थ साधा, पण आंचेचा अंदाज आणि हाताचा वेग त्यांत लपत नाहीं. इतरांस प्रसंग घालून देतात. प्रवासी रात्रभराच्या प्रवासानें शिणून समोर उभा आहे आणि त्याची खोली अजून तयार नाहीं, काय कराल? येथें दुसऱ्या खात्यास दोष देणारा उमेदवार बाद होतो. क्षमा मागावी, बसावयास जागा द्यावी, सामान ठेवून घ्यावें, चहा पुढें करावा, आणि खोली केव्हां मिळेल ती खरी वेळ सांगावी. पांच मिनिटें म्हणून अर्धा तास लावणें हें सर्वांत वाईट, असें आमची कन्या सांगते. (आमच्या घरांतील पुरुषमंडळींनीं हें टिपून ठेवावें.)

ती शाकाहारी; आणि मुदपाकखान्यांत चाखल्यावांचून भागत नाहीं, म्हणून तिनें हाऊसकीपिंग निवडलें होतें. एका पाळींत १२ ते १५ खोल्या झाडूनपुसून, बिछाने घालून, न्हाणीघरें कोरडीं करून द्यावयाचीं. ज्याला पुढें या खात्याचा अधिकारी व्हावयाचें आहे त्यालाही प्रथम हें स्वतःच्या हातानें करावें लागतें. घरांत वाढपापेक्षांही याचाच धसका अधिक होता.

आतां एक कबुली. ही तिची पहिली मुलाखत नव्हे. दोन महिन्यांपूर्वीं दुसऱ्या एका हॉटेलांत ती जाऊन आली होती. भावजींना आम्हीं दोघी सिद्धिविनायकाला जातों असें सांगितलें होतें. गेलोंही होतों, पण नंतर. त्या मुलाखतीची सारी तयारी मीं करून घेतली होती. तुमच्या अंगचे गुण कोणते, दोष कोणते, पांच वर्षांनीं तुम्ही कोठें असाल, या प्रश्नांचीं इंग्रजी उत्तरें मीं तिच्याकडून घोकून घेतलीं. त्यांतील एकही प्रश्न आला नाहीं. समोरच्या बाईंनीं विचारलें, "तुमच्या घरीं शेवटचे पाहुणे कोण आले होते, आणि त्यांना चहांत साखर किती लागते?"

मुलीला उत्तर देतां आलें नाहीं. पाहुणे तर आमच्याकडे आठवड्यांतून दोनदां येतात. परंतु गेलीं तीन वर्षें ते आले, कीं मीच तिच्या खोलीचें दार ओढून घेत असें : "अभ्यास चालला आहे तिचा." पाण्याचा तांब्या कधीं तिच्या हातीं दिला नाहीं. अतिथीला देव मानणारें आमचें घर. त्या घरांतल्या मुलीला देवाच्या चहांत साखर किती, हें ठाऊक नव्हतें! परततांना गाडींत ती खिडकीबाहेर पाहत बसली. मीही कांहीं बोललें नाहीं.

त्यानंतर एक लेख माझ्या वाचनांत आला. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनीं २०११ सालीं तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलविषयीं लिहिला होता. २००८ च्या नोव्हेंबरांत त्या हॉटेलावर हल्ला झाला तेव्हां तेथील ११ नोकर पाहुण्यांना बाहेर काढतां काढतां प्राणास मुकले. मागच्या दारानें पळून जाणें त्यांना शक्य होतें, तरी ते कां थांबले, हा त्या लेखाचा विषय. लेखक म्हणतात, याचें मूळ नेमणुकींत आहे. हे लोक महानगरांपेक्षां लहान शहरांतील मुलें निवडतात, आणि तीन गोष्टी पाहतात. वडीलधाऱ्यांविषयीं आदर आहे कां, वृत्ति आनंदी आहे कां, आणि कुटुंबाला या नोकरीची खरोखर गरज आहे कां.

पहिल्या दोन कसोट्या वाचून मला बरें वाटलें. तिसरीपाशीं अडलें. आमच्या मुलीस खाण्यापिण्याची ददात नाहीं. मग तिची गरज ती कसली? मीं तिलाच विचारलें. ती म्हणाली, "काकू, घरांत मला कोणी काम सांगत नाहीं, आणि बाहेर कोणी करूं देत नाहीं."

दुसऱ्या दिवसापासून मीं शिकवणी बंद केली आणि दार उघडें ठेवलें. सासूबाई गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचें सगळें करावयास एक बाई येत असे. मुलीनें सकाळचें काम स्वतःकडे घेतलें. आजींना न उठवतां, एका कुशीवर वळवून, निम्मी चादर गुंडाळीत आणि निम्मी पसरीत ती कशी बदलावी, हें तिनें त्या बाईकडूनच शिकून घेतलें. पहिले चार दिवस सासूबाई कुरकुरल्या. पांचव्या दिवशीं त्यांनीं तिला नांवानें हांक मारून वेळ विचारली.

मुलाखतीच्या दिवशीं जाऊबाईंनीं हातावर दहीं घातलें. भावजी फिरावयास गेले होते. नेहमींपेक्षां लांबचा फेरा त्यांनीं घेतला. हॉटेलांत तिला एक बिछाना घालावयास सांगितला. कोपरे दुमडून झाल्यावर मुख्य बाईंनीं विचारलें, यापूर्वीं बिछाना कोणाचा घातला? "आज सकाळीं आजींचा." त्या काय म्हणाल्या? "उशी फार उंच झाली म्हणाल्या." मग? "बदलली."

पुढें, रात्रपाळीस घरच्यांची हरकत आहे काय, असें विचारलें. (मुलग्यांस हा प्रश्न विचारीत असतील काय, याची मला दाट शंका आहे.) "मुळींच नाहीं" असें म्हणावयास मीं तिला पूर्वीं शिकविलें होतें. ती म्हणाली, "वडिलांची आहे. पण मी करीन." तिनें घरीं हें सांगितलें तेव्हां ही नोकरी गेलीच, असें मीं मनांत धरलें.

गेल्या सोमवारीं पत्र आलें. शिकाऊ अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे, आणि रुजू होण्याचा दिवस नेमका वसुबारसेचा आहे. जाऊबाईंनीं तें पत्र भावजींच्या चहाच्या कपाशेजारीं ठेवलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, घडी घालून पुन्हां पाकिटांत सरकविलें, आणि विचारलें, "दुपारची पाळी रात्रीं अकराला सुटते म्हणतेस. त्यानंतर पार्ल्याला थांबणारी गाडी कोणती?"

जाऊबाई म्हणाल्या, "हॉटेलची मोटार दारापर्यंत सोडते."

"तरी पण," असें म्हणून त्यांनीं वर्तमानपत्र उघडलें.