व्हॅलेन्सियाचा भात आणि आमची शेवळे

दिवाळी अंक आणि परदेशप्रवासाचा लेख यांचे लग्न फार जुने आहे. अनारशाला खसखस, तसा अंकाला तो लेख! त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपला प्रवासी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जातो, तेथला 'पाएया' नावाचा भात पसरट कढईतून चमच्याने खातो, सारे घर एकाच कढईभोवती बसलेले पाहून हरखतो आणि परत येऊन लिहितो. लिहू दे बापडा. माझे भांडण आहे ते त्याच्या शेवटच्या वाक्याशी : 'आपल्याकडे असे काही नाही.'

नाही कसे? पाएया म्हणजे काय हो? तांदूळ, कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा आणि पावट्यासारखे टपोरे पांढरे दाणे. शेतावर राबणाऱ्यांचा दुपारचा भात! आमच्या भिवंडी तालुक्यातल्या कुणब्या-आगऱ्याला त्यात परके काय वाटावे? २०२१ साली व्हॅलेन्सियाच्या सरकारने या भाताला सांस्कृतिक वारशाचा मान दिला. त्याच साली आमच्या शेजारच्या वाड्याच्या कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले. पण तेथे तो भात पाहुण्याला अभिमानाने वाढतात. आमच्या दिघाशीत पाहुणा आला, की कोलम फडताळात जातो आणि दुकानातला बासमती पुढे येतो.

शेवळांचे तर विचारूच नका. पहिला पाऊस पडला, की रानात ती वर येतात. सुरणाच्या कुळातली, म्हणून खाजरी. वारली-कातकरी बाया त्यांच्या जुड्या विकायला आणतात आणि सोबत काकडाची आंबट हिरवी फळेही देतात, कारण त्या आंबटपणाशिवाय शेवळांची खाज मरत नाही. रानातल्या एका झाडाचा उतारा रानातल्याच दुसऱ्या झाडात शोधणारी ती कोण बाई असेल? तिचे नाव कुठे नोंदलेले नाही. वाल घालून केलेली ही भाजी आणि तांदळाची भाकरी, एवढ्यावर माणूस तृप्त होतो. पण माझ्या वर्गात ही भाजी आणणारे पोर डब्यावर झाकण आडवे धरून जेवते. नूडल्सवाले उघडा डबा मिरवते.

वज्रेश्वरीला आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मुंबईच्या मोटारी येतात. वाटेवरच्या खानावळीत त्यांना काय मिळते? पनीर आणि चायनीज! मालक म्हणतो, "गिऱ्हाईक मागते तेच देतो." अहो, गिऱ्हाईक मागणार ते त्याला ठाऊक असलेलेच. व्हॅलेन्सियाला गेलेल्या आपल्या माणसाने काय घरून पाएया मागत जायचे ठरवले होते? यजमान स्वतः चवीने खात होता, म्हणून याच्याही तोंडाला पाणी सुटले.

हा केवळ जिभेचा प्रश्न असता, तर मी दिवाळीच्या दिवसांत भांडत बसलो नसतो. व्हॅलेन्सियाने २०१८ साली शहराभोवतालची मळ्यांची जमीन राखायला कायदा केला. पाटाच्या पाण्याचे तंटे तेथे दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांचेच पंच तोंडी मिटवतात. ताटातल्या भाताचे मोल ज्यांना कळते, ते खाचरही सोडत नाहीत. आमच्या भिवंडीत खाचरांवर भराव पडतो, गोदामे उठतात, आणि कोणाचा घास अडत नाही. कारण ताटातला भात आता पोत्यातून येतो.

"मास्तर, गोदामांनी घरात पैसा आणला," असे मला ऐकवतात. आणला, नाकारतो कोण? पण त्याच पैशातून बांधलेल्या दिवाणखान्यात आईच्या हातचे बिरडे पाहुण्यापासून लपवावे लागते, ही कसली श्रीमंती?

तेव्हा येत्या जूनमध्ये, प्रवासलेखक महाशय, अंबाडीच्या नाक्यावर उतरा आणि आमच्याकडे जेवायला या. येताना बाजारातून शेवळे घ्या, बाईशी घासाघीस करू नका, आणि काकडे विसरू नका; नाहीतर घसा खाजेल, आणि पुढच्या दिवाळी अंकात तुम्ही माझ्यावर लेख लिहाल.