प्रांताला दिलेला शब्द

कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत गुण कमी पडले की आपल्याकडचे तरुण प्रांताच्या नॉमिनेशनकडे वळतात. प्रांताने नाव सुचवलं की एकदम ६०० गुण पदरात पडतात आणि पीआरचं, म्हणजे कायम वास्तव्याचं, निमंत्रण जवळजवळ पक्कं होतं. १९९८ पासून मॅनिटोबा प्रांत अशी माणसं निवडतो आहे. सगळेच टोरंटो-व्हँकूव्हरला जाऊ लागले तर विनिपेगने कामाला माणसं आणायची कुठून, हा त्यामागचा रास्त प्रश्न.

अर्जदार त्याच प्रांतात राहण्याचा इरादा लिहून देतो. पीआर मिळाल्यावर मात्र देशात कुठेही राहण्याची, कमावण्याची मुभा त्याला कॅनडाच्या हक्कांच्या सनदेचं सहावं कलम देतं. वर्षभरात तो टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला निघून गेला, तर प्रांताच्या मोजक्या कोट्यातली एक जागा वाया जाते. जायचं आधीच ठरवून ज्याने सही केली, त्याने दुसऱ्या कुणाची तरी संधी हिरावली. त्याची बाजू मी घेणार नाही.

ऑस्ट्रेलियाने यावर कडक तोड काढली. तिथला ४९१ व्हिसा १५ गुण देतो, पण सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वगळून प्रादेशिक भागातच राहायला लावतो; तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. व्यवहार स्पष्ट आहे. पण जवळपास दुसरी नोकरी नसेल, तर बांधलेल्या माणसाने मालकाशी पगाराची घासाघीस कशाच्या बळावर करायची?

म्हणून मला कॅनडाची मोकळीक अधिक न्याय्य वाटते. माणूस टिकतो तो कामामुळे. समजा, पुण्यातली अनुभवी नर्स विनिपेगला गेली. प्रांताच्या नर्सिंग कॉलेजकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी होईपर्यंत तिला नर्स म्हणून काम करता येत नाही. तोवर ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून रात्रपाळी करते आणि पहाटे उणे तीसच्या थंडीत बसची वाट पाहते. तिच्या कौशल्याकडे बघून नाव सुचवणाऱ्या प्रांताने ते वापरायची सोय केली नाही, तर ती निघून गेल्याचा दोष तिच्या एकटीवर कसा टाकायचा?

शिवाय ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, २०२५ साठी प्रांतांच्या नॉमिनेशन योजनेचं देशभराचं लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं. वर्क परमिटवर प्रांतात येऊन, तिथेच नोकरी करत नॉमिनेशनची वाट पाहणाऱ्यांनाही त्याची झळ बसली. निदान यापुढे नॉमिनेशन देतानाच नर्ससारख्यांच्या व्यावसायिक परवान्याची प्रक्रिया सुरू व्हावी, आणि आधीच तिथे राबणाऱ्यांचे अर्ज आधी घ्यावेत.