हनुवटीचं दुसरं ऑपरेशन करायचं का?

मैत्रिणींनो, हनुवटीचं किंवा जबड्याचं एक ऑपरेशन पार पडलं, पैसे गेले, कित्येक दिवस पेज आणि ताकावर काढले, आणि हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतं, “अजून जरा वाकडीच दिसते गं!” झालं! आरशासमोर उभं राहिलं की एकच विचार : पुन्हा करून घ्यावं का?

घाई करू नका. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण उरलेली उतरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. आणि ती दोन्ही बाजूंना सारखी उतरेलच असं नाही. चौथ्या महिन्यातला चेहरा हा कायमचा चेहरा नव्हे. मात्र पू, ताप, वाढतं दुखणं, किंवा दात एकाएकी नीट न मिळणं, यांपैकी काही झालं तर एक दिवसही थांबू नका.

मग स्वतःला विचारा, तक्रार कामाची की दिसण्याची? भाकरी चावता येत नाही, तोंड पुरतं उघडत नाही, दात जुळत नाहीत, तर इलाज हवाच. दातांचा फरक थोडा असेल तर तारांनीही भागतं. नुसती हनुवटी पुढे-मागे केल्यानं दात जुळत नाहीत, बरं का! तक्रार दिसण्याची असली तरी ती खोटी नाही. पण ती तुमची आहे की जावेची, एवढं पाहा.

दुसरं ऑपरेशन बहुधा पहिल्यापेक्षा अवघड. आत व्रण झालेला असतो. खालच्या ओठाची नस हनुवटीच्या बाजूलाच हाडातून बाहेर येते. ती दुखावली, तर ओठावरून चहा ओघळला तरी कळत नाही. ही बधिरता पुष्कळदा कमी होते, काहींची राहून जाते. मिश्री लावत असाल तर ती आधी सोडा. तंबाखूनं जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात.

आधीचे एक्स-रे, स्कॅन आणि ऑपरेशनची नोंद मागून घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ते घेऊन जबड्याच्या दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. बोरिवली-अंधेरीच्या बायकांना मुंबई सेंट्रलला उतरून नायर दंत महाविद्यालय गाठता येतं. मुलुंड-घाटकोपरकडच्यांना सीएसएमटीला सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय सोयीचं. तीन प्रश्न लिहूनच न्या : नक्की किती मिलिमीटर फरक पडेल? नाही केलं तर काय बिघडेल? ओठ बधिर राहिला तर पुढे काय?

उत्तरं ऐकून “करायचं” म्हणालात, तर घरच्यांना डबे, मुलं, स्वयंपाक आधी वाटून द्या आणि निर्धास्त जा. “नाही” म्हणालात, तर तोही निर्णयच. आणि पुढच्या हळदीकुंकवाला कुणी काही बोललंच, तर तिळगूळ पुढे करायचा!