फवारणीची विषबाधा : पहिला तास गावाच्या हातात

कपाशीवर फवारा सुरू झाला की फुलंब्री तालुक्यातल्या गावागावांत एक वाक्य ऐकू येते : "काही नाही, ऊन लागलं असेल." फवारून आलेल्या गड्याला मळमळते, डोके धरते. घरचे लिंबूपाणी देऊन त्याला बाजेवर टाकतात. पुष्कळदा तो सकाळी बरा होतो. पण एखाद्या वेळी होत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो.

२०१७ सालचा यवतमाळ जिल्हा आठवावा. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने तिथे २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण आणि उघडे अंग, ही कारणे पुढे आली. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांवर विदर्भातील पाच जिल्ह्यांपुरती ६० दिवसांची बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. पण एक औषध गेले म्हणून धोका गेला नाही. त्याच गटातली इतर औषधे दुकानात आहेतच.

ओळखायचे कसे?

ऑरगॅनोफॉस्फेट गटातले औषध कातडीतून, श्वासातून आणि तोंडावाटे शरीरात जाते. मग घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, उलट्या-जुलाब होतात, पोटात कळा येतात. दंड-मांडीचे मांस फडफडते, छाती घरघरते. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. नुसत्या उन्हाने असे होत नाही. मात्र बाहुली नेहमीसारखी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. सगळी औषधे एकाच तऱ्हेने चढत नाहीत.

काय करावे, काय करू नये?

माणसाला आधी शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणा. औषधाने भिजलेले कपडे काढा आणि अंग, केस, नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवा. धुणाऱ्याने हातमोजे, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर दुसरा रोगी तयार होतो. डोळ्यांत गेले असेल तर साध्या पाण्याने १५ मिनिटे डोळे धुवत राहा. शुद्ध हरपली असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. गाडी येण्यास वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. ती श्वासनळीत गेली तर जीव जातो. दूध, तूप, लिंबूपाणी यांनी विष उतरत नाही. औषधाची बाटली आणि माहितीपत्रक मात्र बरोबर न्या. त्यावर औषधाचे नाव आणि उतारा छापलेला असतो. नुसते "कपाशीचं औषध" म्हटल्याने डॉक्टरांना काही कळत नाही.

या गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. छाती मोकळी होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. सुधारलेला रोगी एक ते चार दिवसांत पुन्हा ढासळू शकतो. मान उचलत नाही, श्वास मंदावतो. म्हणून डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी आणू नये. फुलंब्रीहून घाटी रुग्णालय तासाभराच्या आत गाठता येते. वेळ जातो तो गावातच, ठरवाठरवीत. कधी पोलीस केसच्या धाकानेही लोक थांबतात. कोणी मुद्दाम घेतले असेल तरीही थांबू नका, कारण विचारत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला आरोपी नव्हे, तणावग्रस्त मानले आहे. मन खचलेल्यांसाठी १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र चालू असतो.

मजुराचे काय?

खरा प्रश्न इथे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत औषध हाताळताना विषबाधेने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाराधारक आणि त्याच्या कुटुंबासाठी. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. सर्वांत जास्त विष ज्याच्या अंगावर उडते, त्याच्याच घरी काही येत नाही. ग्रामसभांनी हा ठराव करून वर पाठवावा.

तोवर गावाने स्वतःचे काम करावे. सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी हंगामाआधी बैठक घ्यावी. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल, हे आधीच ठरवून चावडीवर लिहावे. जवळच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन आहे का, हे सरपंचांनी स्वतः जाऊन विचारावे. मालकाने मजुराला हातमोजे, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि धुवायला साबण द्यावा. एका फवाऱ्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायला कोणालाही लावू नये. कपाशी पुढच्या साली पुन्हा लावता येते.